परवानगीचे व्याकरण : मिरवणूक, सोंग आणि सातारा-सांगलीची वाङ्मयीन स्मृती

१

१ फेब्रुवारी २०२० रोजी मुंबईत ऑगस्ट क्रांती मैदानापासून निघावयाची समलिंगी व पारलिंगी समूहांची अभिमानयात्रा निघाली नाही. पोलिसांची परवानगी मिळाली नव्हती. यात्रेत नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधातील घोषणा होतील, अशी शंका या नकारामागे असल्याचे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. यात्रेऐवजी आझाद मैदानावर एका जागी थांबून मेळावा घेण्याची मुभा मिळाली. मेळाव्यात काही तरुणांनी राजद्रोहाच्या आरोपाखालील एका विद्यार्थ्याच्या समर्थनार्थ घोषणा दिली. घोषणा देणाऱ्यांवरही भारतीय दंड संहितेच्या १२४-अ या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला. आयोजकांनी त्या घोषणेशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. पुढे उच्च न्यायालयाने प्रमुख आरोपीस अटकेपासून संरक्षण दिले. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाच्या कलमाचा वापर स्थगित केला.

या घटनाक्रमाकडे केवळ कायदा-सुव्यवस्थेची बाब म्हणून पाहिले, तर वाङ्मयसमीक्षेला तेथे काही काम उरत नाही. परंतु येथे जे घडले ते मूलतः अर्थनिर्णयनाचे होते. कोणत्या शरीराने कोठे उभे राहायचे, कोणता शब्द कोणाच्या तोंडी शोभतो, एका समूहाच्या वेदनेत दुसऱ्या समूहाच्या वेदनेला जागा असावी की नसावी, या प्रश्नांची उत्तरे देणारा एक मजकूर तेथे तयार झाला. त्याचा एक लेखक शासन होते. दुसरा लेखक, अनिच्छेने का होईना, स्वतः आयोजक होते. चालण्याऐवजी थांबण्याची अट घालून शासनाने मिरवणुकीचा वाङ्मयप्रकारच बदलला. घोषणेपासून अंग काढून आयोजकांनी तिची संहिता संपादित केली. परवानगी ही अशा रीतीने रचनेच्या बाहेरची अट राहत नाही. ती रचनेच्या आत शिरते आणि तिचे व्याकरण बनते.

ऑस्टिन याने ज्या उच्चारांना वाक्कृती म्हटले, त्यांत परवानगीचा उच्चार विशेष लक्षणीय आहे. ‘परवानगी देण्यात येत आहे’ या वाक्याने काही वर्णन होत नाही, काही घडते. पण ज्याला परवानगी दिली जाते त्याच्याविषयी हे वाक्य आणखी एक गोष्ट घडवते : परवानगीवाचून तो तेथे असू शकत नव्हता, हे ते प्रस्थापित करते. अभिमानयात्रेचा दावा नेमका याच्या उलट आहे. तेथे असण्यासाठी कोणाची अनुमती लागत नाही, हे ती सांगू पाहते. आणि ते सांगण्यासाठीही तिला अर्ज करावा लागतो. हा अंतर्विरोध मुंबईपुरता किंवा एका वर्षापुरता नाही. मराठी साहित्याने लिंगभेदाच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्या माणसाला ज्या ज्या रीतीने पानावर येऊ दिले, त्या रीतींतही तो आढळतो. सातारा-सांगली आणि त्यांना लागून असलेला कोल्हापूर-बेळगावचा सीमाभाग ही त्याच्या अभ्यासाची सर्वांत योग्य भूमी आहे.

२

या भूमीची सार्वजनिक स्मृती तीन प्रकारच्या समूहचालनांनी घडली आहे. पहिले मोर्चाचे. १९४२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे चालून गेले. वडूज आणि इस्लामपूर येथे गोळीबार झाला, माणसे मेली. त्यातून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले आणि १९४६ पर्यंत टिकले. तेव्हा सातारा आणि सांगली एकाच जिल्ह्याचे भाग होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. परवाना न मागता कचेरीसमोर उभे राहणारे शरीर ही या प्रदेशाची गौरवास्पद प्रतिमा आहे. शाळेच्या पुस्तकापासून हुतात्मा स्मारकापर्यंत ती जपली गेली आहे.

दुसरे चालन जत्रेचे. सौंदत्तीच्या यल्लम्माकडे जाणारा मार्ग या जिल्ह्यांतून जातो. खुद्द सांगली जिल्ह्यात जत येथे यल्लम्माची मोठी यात्रा भरते. डोक्यावर जग, गळ्यात दर्शन, कपाळभर भंडारा आणि अंगावर लुगडे असा जोगता या यात्रेत चालतो. त्याला कोणी अडवत नाही. त्याच्या पाया पडणारेही असतात.

तिसरे चालन फडाचे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, त्याच तालुक्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू ही नावे उच्चारली की तमाशाचा अर्धा इतिहास उभा राहतो. या फडात नाच्या असतो. बायकी हावभावांवर त्याचे पोट चालते; तो प्रेक्षकांना हसवतो आणि प्रेक्षक त्याच्यावर हसतात.

या तीनही ठिकाणी दृश्यमानता आहे, पण तिन्ही ठिकाणी तिचा जामीनदार वेगळा आहे. मोर्चात राष्ट्र जामीन राहते, जत्रेत देवी, फडात हसू. जोगत्याचे लुगडे त्याचे नसते, देवीचे असते. नाच्याची चाल त्याची नसते, सोंगाची असते. बाख्तिनने उत्सवाच्या उलथापालथीत मुक्ततेची शक्यता पाहिली. तथापि उत्सव संपल्यावर ही मुक्तता कोठे जाते, हा प्रश्न त्याच्या टीकाकारांनी वारंवार विचारला आहे, आणि या भूमीत तो अधिकच रोकडा आहे. जत्रा पांगल्यावर जोगत्याला जोगवा मागत दारोदार फिरावे लागते. तंबू उतरल्यावर नाच्याला गावात राहावे लागते. जामीनदार निघून गेल्यावर उरलेल्या शरीराचे काय, हा प्रश्न मोर्चा, जत्रा व फड या तिघांनीही विचारलेला नाही. अभिमानयात्रा नेमका तोच विचारते.

सोंगाचा परवानाही कायम नव्हता, हे विसरता येत नाही. १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमाने प्रयोगापूर्वी संहिता तपासण्याचा मार्ग शासनाला खुला केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाच्या दुसऱ्या भागाने, जेथे तो लागू झाला त्या प्रांतांत, स्त्रीवेष करून सार्वजनिक ठिकाणी नाचणाऱ्या हिजड्यांना शिक्षापात्र ठरवले. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. ती उठली तेव्हा संहिता-तपासणीची अट तेवढी मागे राहिली. अण्णाभाऊंच्या ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यालाही बंदीला तोंड द्यावे लागले. फडातील स्त्रीवेष आणि फडातील राजकारण यांच्याकडे एकाच खात्याने, एकाच संशयाने पाहिले. २०२० च्या आझाद मैदानावर जी गाठ पडली ती नवी नव्हती.

३

या पार्श्वभूमीवर मराठी कथनसाहित्याची तपासणी केली असता एक रचनातत्त्व पुनःपुन्हा समोर येते. त्याला ‘जामीन घेतलेली सहानुभूती’ असे म्हणता येईल. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ (१९८०) या कादंबरीतील गुणा हा कागलचा अंगापिंडाने मजबूत शेतमजूर आहे. कलेच्या ओढीने तो तमाशाचा फड उभारतो आणि नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. त्याच्या वाट्याला येणारी अवहेलना यादव यांनी निष्ठुरपणे रेखाटली आहे. ग्रामीण कादंबरीत असा विषय इतक्या गांभीर्याने हाताळला गेल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. परंतु वाचकाची सहानुभूती मिळण्यापूर्वी कादंबरी त्याला एक हमी देते : हा खरा पुरुष आहे. त्याचे बायकीपण कलेसाठी केलेला त्याग आहे. २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रपटाने ही हमी अधिक ठळक केली. पिळदार शरीर आधी पडद्यावर येते, मग ते झिजवले जाते, आणि अखेरीस सन्मान देऊन झिजेची भरपाई होते. ज्याचे बायकीपण त्याग नसून स्वभाव आहे, असा नाच्या या कथनाच्या परिघाबाहेरच राहतो. त्याच्यासाठी हमी देणारे कोणी नाही.

राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या कादंबऱ्यांनी जोगतीण आणि जोगता यांना प्रथमच त्यांच्या बोलीसह, त्यांच्या भुकेसह मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणले. सांगली जिल्ह्यातील मळणगावचे कथाकार चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा त्याच वस्तीतली. या तीन कृतींवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट २००९ मध्ये आला. गवस यांच्या लेखनाचे बळ असे की प्रथेचे अर्थकारण, जातकारण आणि देहकारण त्यांनी एकमेकांपासून तोडले नाही. देवीला सोडण्याची सक्ती हा अन्याय आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले, आणि ते सांगणे आवश्यक होते. चित्रपटाने मात्र त्या अन्यायाचे निराकरण एका विशिष्ट रीतीने केले. लुगडे नेसवला गेलेला तायाप्पा आणि देवीला सोडलेली सुली परस्परांच्या प्रेमात बंधन तोडतात; लुगडे उतरते, पुरुष परत मिळतो. मुक्तीची कथा आणि पुरुषत्वाच्या पुनर्लाभाची कथा येथे एकच होऊन जाते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. सक्तीने जोगता केलेल्या मुलाची व्यथा खरी आहे; तिला वाचा फोडणाऱ्या लेखकाकडून दुसऱ्याच व्यथेची अपेक्षा करणे हा समीक्षकाचा उर्मटपणा नव्हे काय? आक्षेप मान्य केला पाहिजे. ‘भंडारभोग’चे मोल, तिने जे लिहिले नाही त्यावरून ठरत नाही. प्रश्न एकेका कृतीचा नसून त्यांच्या बेरजेचा आहे. लुगडे म्हणजे लादलेले, धोतर म्हणजे आपले, हे समीकरण एका कादंबरीत वास्तवाचे चित्रण असते. दुसऱ्या, तिसऱ्या कृतीत तेच आले की तो संकेत बनतो. जोगत्यांत असेही असतात, की ज्यांना देवीच्या नावाखेरीज आपल्या स्त्रीत्वाला दुसरा आसराच मिळाला नाही. त्यांच्यासाठी प्रथा एकाच वेळी बेडी आणि छप्पर असते. बेडी तोडणाऱ्या कथा मराठीने लिहिल्या. छप्पर काढून घेतल्यावर ते माणूस कोठे जाते, ही कथा फारशी लिहिली नाही.

नागर साहित्यात जामीनदार बदलतो, तत्त्व बदलत नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा देव मराठी रंगमंचाच्या केंद्रस्थानी उभी करणे हे त्या काळी धाडसाचे होते. शीर्षकातच ‘गोष्ट’ आहे. पण ती गोष्ट मित्रा सांगत नाही. तिच्यावर जीव असलेला, भिडस्त बापू ती सांगतो. प्रेक्षक मित्राकडे बापूच्या डोळ्यांनी पाहतो, आणि बापूच्या सज्जनपणामुळेच त्याला तिच्याकडे पाहणे सुसह्य होते. अखेरीस मित्रा मरते, गोष्ट सांगणारा उरतो. तेंडुलकरांना या रचनेतील कारुण्य आणि तिच्यातील विसंगती दोन्ही ठाऊक होत्या, असे मानण्यास जागा आहे; कारण बापूचे असहायपण त्यांनी कोठेही झाकलेले नाही. तरीही कथनाचा अधिकार हस्तांतरित होत नाही.

४

कथनाचा अधिकार हस्तांतरित होऊ नये, याची काळजी शासनाने फार पूर्वीपासून घेतली आहे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ या काळात चालले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना उत्तरे देणे हा त्यातील महत्त्वाचा भाग होता. १९३४ मध्ये हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नोत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. या खटल्याचे वाङ्मयीन महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात केवळ डॉक्टरी सल्ला नव्हता. तेथे प्रश्नही होता. म्हणजे प्रथमपुरुषी एकवचनात बोलू पाहणारा अनाम मराठी वाचक होता. १८६० च्या दंड संहितेतील ३७७ वे कलम कृतीला शिक्षा देत होते. अश्लीलतेचा खटला त्या कृतीविषयीच्या प्रश्नालाच शिक्षा देत होता.

तो प्रथमपुरुष पुस्तकाच्या रूपाने प्रकट व्हायला पुढे पाऊणशे वर्षे लागली. बिंदुमाधव खिरे यांचे लेखन, लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन (२०१२), दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह : या लेखनाचा मूल्यमापनात्मक विचार मराठीत बहुतांशी ‘अनुभवाची दाहकता’ या एका शब्दप्रयोगावर थांबतो. दलित आत्मकथनांच्या बाबतीतही असेच घडले होते. अनुभवाला दाद देऊन रचनेविषयी मौन पाळणे हा समीक्षेने देऊ केलेला परवानाच आहे : या, परंतु साक्षीदार म्हणून या, लेखक म्हणून नको.

याच्या विरुद्ध टोकाला सांगलीचेच एक उदाहरण आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली संग्राम ही संस्था आणि १९९६ पासून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद यांच्या परिवारात पुरुष व पारलिंगी वेश्याव्यवसायींची ‘मुस्कान’ ही संघटना आहे. परिषदेतील स्त्रियांनी व त्यांच्या मुलांनी सुषमा देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली स्वतःच्या जगण्यावर नाटक उभे केले. या समूहाची भूमिका उद्धारकांपासून आम्हाला वाचवा, अशी राहिली आहे. २००५ मध्ये अमेरिकी साहाय्यासोबत आलेली, वेश्याव्यवसायाचा निषेध करण्याची प्रतिज्ञा संग्रामने नाकारली आणि पैसा सोडला. परवानगीचे व्याकरण मुंबईच्या पोलीस आयुक्तालयातच लिहिले जाते असे नव्हे. ते वॉशिंग्टनमध्येही लिहिले जाते, आणि सांगलीत बसून ते नाकारताही येते.

५

येथे अभिमानयात्रेकडेही टीकादृष्टीने पाहणे प्राप्त आहे. भारतातील पहिली अशी यात्रा १९९९ मध्ये कोलकात्यात निघाली. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ रोजी निघालेल्या यात्रेने ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी हा मार्ग निवडला. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ‘छोडो भारत’च्या मैदानातून. ही निवड म्हणजे मोर्चाच्या जामीनदाराला, राष्ट्राला, पुन्हा बोलावणे होते. ३७७ वे कलम इंग्रजांचे, म्हणून त्याविरुद्धचा लढा स्वातंत्र्यलढ्याचाच उर्वरित भाग, असा तो युक्तिवाद. तो परिणामकारक होता. २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मधील त्याचे उलटणे आणि ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय या सर्व काळात वसाहतवादी वारशाचा मुद्दा चर्चेत राहिला. परंतु राष्ट्राला जामीन ठेवणाऱ्याला राष्ट्राच्या रागाचीही भीती बाळगावी लागते. २०२० मध्ये घोषणेपासून अंग काढून घेण्याची घाई त्या भीतीतून आली होती. वर्षानुवर्षे कमावलेली प्रतिष्ठा एका घोषणेने जाईल ही चिंता खोटी नव्हती. अशा वेळी आयोजकांना दोष देणे सोपे आहे. मात्र आपल्याला मिळालेली परवानगी दुसऱ्याच्या मौनाच्या किमतीवर टिकवली, तर अभिमानाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

कायद्याच्या भाषेत याचे एक उत्तर उपलब्ध आहे. हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई पोलीस अधिनियम १९५१ खालील एका नियमाचा विचार करताना, रस्त्यावरील सभेचे नियमन करता येते, पण ती नाकारण्याचा निरंकुश अधिकार अधिकाऱ्याला देता येत नाही, असे म्हटले. परवानगी ही कृपा नव्हे, असा याचा आशय. इतरत्रही हाच झगडा दिसतो. मॉस्कोतील यात्रांवरील लागोपाठच्या बंदीला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१० मध्ये अवैध ठरवले, तरी बंदी चालूच राहिली. इस्तंबूलमध्ये २०१५ पासून यात्रा रोखली जात आहे. २०२५ मध्ये हंगेरीच्या संसदेने अशा यात्रांवर बंदी घालता येईल असा कायदा केला, तेव्हा बुडापेस्टच्या नगरपालिकेने २८ जूनची यात्रा आपला नागरी कार्यक्रम म्हणून घोषित केली, आणि अपेक्षेहून कितीतरी मोठा समुदाय रस्त्यावर आला. तेथेही जामीनदार लागलाच. फक्त शासनाविरुद्ध शहर उभे राहिले.

जत किंवा कवलापूरच्या माणसासाठी मात्र प्रश्न आणखी वेगळा आहे. महानगरातील यात्रा अदृश्याला दृश्य करू पाहते. जोगता आणि नाच्या आधीच दृश्य आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे पाहिलेच गेले आहे. त्यांच्याजवळ उणीव आहे ती आपल्याकडे कसे पाहिले जावे हे ठरवण्याच्या अधिकाराची, आणि सोंग उतरल्यावरही भाकरी मिळण्याची. यात्रेची इंग्रजी घोषणा किंवा सप्तरंगी ध्वज ही उणीव आपोआप भरून काढत नाही. म्हणून अभिमानयात्रा या भूमीत येताना मुंबईच्या नमुन्याची प्रत म्हणून आली, तर ती आणखी एक पाहुणी बारी ठरेल. मोर्चाकडून बेपरवाना उभे राहणे, जत्रेकडून सोबत चालणे, फडाकडून सवाल-जवाबाची धार घेऊन आली, तर या तिन्ही परंपरांनी न विचारलेला प्रश्न ती त्यांच्याच भाषेत विचारू शकेल.

समीक्षेचे काम या ठिकाणी नेमके आहे. नकाराचा आदेश, अटींची यादी, आयोजकांचा खुलासा, घोषणा हे सारे साहित्याबाहेरचे कागद समजून बाजूला ठेवता येणार नाहीत. कादंबरीतील निवेदक ज्या संकेतांनी पात्राला पुढे येऊ देतो, त्याच संकेतांनी हे कागद माणसांना रस्त्यावर येऊ देतात. ‘नटरंग’ आणि ‘भंडारभोग’ यांचे पुनर्वाचन या दृष्टीने झाले, तर त्या कृतींचे मोठेपण कमी होत नाही. गुणाची हमी आणि तायाप्पाची सुटका ज्यांच्या उपयोगी पडली नाही, त्या पात्रांच्या रिकाम्या जागा तेवढ्या दिसू लागतात. त्या जागा भरण्याचा अधिकार समीक्षकाचा नाही; त्या रिकाम्या आहेत असे म्हणण्यासाठी मात्र त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.